गळकी भिंत, अर्धवट क्लबहाऊस: महारेरा, ग्राहक आयोग की सलोखा मंच?

घोडबंदर रोडवर कासारवडवली-ओवळ्याच्या पट्ट्यात असो की खारघर, तळोजा, उलव्याकडे, नव्या इमारतीत ताबा घेतलेल्यांचा पहिला पावसाळा थोड्याफार फरकाने सारखाच जातो. जूनच्या शेवटी पश्चिमेकडची भिंत ओली दिसू लागते, जुलैत रंगाचे पोपडे सुटतात आणि ऑगस्टपर्यंत कपाटामागे बुरशी धरते. बिल्डरच्या ऑफिसात गेलं की ठरलेली उत्तरं मिळतात. ‘सेटलमेंट क्रॅक आहेत मॅडम, नॉर्मल आहे.’ ‘पाऊस थांबू द्या, टीम पाठवतो.’ पाऊस थांबतो, भिंत वाळते, टीम येते, चिरांवर पुट्टी फिरवून रंगाचा एक हात मारते. पुढच्या जूनमध्ये ओल पुन्हा हजर.

मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहितं, ‘महारेरात टाका सरळ’, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे तक्रार करा. दुसरा म्हणतो, ग्राहक मंच, म्हणजे आताचा ग्राहक आयोग, स्वस्त पडतो. तिसऱ्याच्या मेव्हण्याचा मित्र वकील असतो. सल्ले सगळेच थोडेथोडे खरे, पण समोरच्याची तक्रार नेमकी काय आहे हे न विचारता दिलेले. ज्याला भिंत नीट करून हवी आहे, ज्याला दोन वर्षांच्या उशिराचे पैसे हवे आहेत आणि जो ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेल्या इमारतीत टँकरच्या पाण्यावर दिवस काढतोय, या तिघांनी एकाच दारात उभं राहण्यात अर्थ नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. ठिकाण निवडताना फी आणि अंतर या दुय्यम गोष्टी. तुम्हाला काम करून हवंय की पैसे हवेत, आणि बिल्डरला अजून बाजारात फ्लॅट विकायचे आहेत की नाहीत, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

दोष, अपुरं काम आणि उशीर

आपण सगळं एकाच अर्जात कोंबतो, पण कायद्यात या तीन वेगळ्या तक्रारी आहेत.

दोषासाठी रेरा कायद्याचं, म्हणजे २०१६च्या स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियमाचं, कलम १४(३) आहे. ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष किंवा कारागिरी, दर्जा, सेवा यांतली खोट बिल्डरला कळवली, तर त्याने ती एक पैसाही न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायची. नाही केली तर भरपाई. हे फक्त स्लॅब आणि कॉलमपुरतं नाही. पोकळ वाजणाऱ्या टाइल्स, उलट्या उताराची बाल्कनी, गळका ड्रेनेज पाइप हेही त्यात येतं. ‘आमची वॉरंटी एकच वर्षाची’ असं कोणी म्हणालं तर ती नळाच्या किंवा दाराच्या कंपनीची वॉरंटी असते. कायद्यातली पाच वर्षं त्याने कमी होत नाहीत.

एक मेख मात्र आहे. महारेराच्या नमुना करारनाम्यातच असं कलम आहे की, बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय तुम्ही घरात तोडफोड केली, पाइप किंवा फिटिंग हलवलं, तर त्याची दोषदायित्वाची जबाबदारी संपते. इंटिरियरवाला पहिल्या आठवड्यात बाथरूमची टाइल उखडतो आणि नंतर गळतीची तक्रार गेली की बिल्डरचा वकील नेमकं तेच कलम पुढे करतो. म्हणून इंटिरियर सुरू करण्याआधी रिकाम्या घराचे, प्रत्येक भिंतीचे, बाथरूमचे फोटो काढून ठेवा आणि कामाची परवानगी ईमेलवर घ्या.

उशिरासाठी कलम १८. इथे दोनच पर्याय: करार मोडून सगळे पैसे व्याजासकट परत, किंवा घर ठेवायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर (कर्जाच्या पायाभूत व्याजदरावर) दोन टक्के असा ठरतो. तो ११ टक्के धरला, तर ८० लाख भरून बसलेल्या माणसाचं महिन्याचं व्याज सुमारे ७३ हजार होतं. भिंतीच्या तक्रारीपेक्षा बिल्डर या तक्रारीला जास्त घाबरतो, ते यामुळे.

अपुरं काम म्हणजे क्लबहाऊस, दुसरी लिफ्ट, पोहण्याचा तलाव, बाग, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ओसी. सुविधा कधी देणार याची तारीख करारात लिहिणं महारेराने २०२४मध्ये बंधनकारक केलं. तुमचा करार त्याआधीचा असेल तर ‘सुविधा टप्प्याटप्प्याने’ असं एक मोघम वाक्य त्यात सापडेल. तरीही हरकत नाही. माहितीपत्रक, जाहिरात, महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरने स्वतः भरलेली माहिती, हे सगळं पुरावा म्हणून चालतं.

आता तुमची इमारत रेराखाली येते का? १ मे २०१७ला कायदा पूर्णपणे लागू झाला तेव्हा ज्यांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला होता त्या इमारती सुटल्या. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्पही नोंदणीतून सुटतात. नवी मुंबईत हे महत्त्वाचं, कारण साडेबारा टक्के योजनेतल्या (प्रकल्पग्रस्तांना सिडकोने परत दिलेल्या) छोट्या भूखंडांवर आणि गावठाणांत अशा इमारती पुष्कळ आहेत. करारावर महारेराचा क्रमांक शोधा. जुन्या क्रमांकांत पी५१७००ने सुरू होणारे ठाणे जिल्ह्यातले, पी५२०००ने सुरू होणारे रायगडचे. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे हे पत्त्यात नवी मुंबई लिहीत असले तरी जिल्हा रायगड आहे, आणि ही गोष्ट पुढे ग्राहक आयोगाच्या वेळी आडवी येते. सिडको किंवा म्हाडाने बांधलेलं घर असेल तर ‘सरकारी संस्थेवर कुठे तक्रार करणार’ असं समजू नका. रेराच्या व्याख्येत तेही प्रवर्तकच, म्हणजे बिल्डरच.

भिंत का गळते, हे आधी

कुठल्याही दारात गेलात तरी पहिल्या तारखेला बिल्डर म्हणणार, ‘ही वरच्या घराची गळती आहे, आमचा संबंध नाही.’ त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. वकिलापेक्षा आधी इथे पैसे घाला.

पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत ओल वाढते आणि उघडीप मिळाली की कमी होते, तर बहुधा बाहेरची भिंत. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून वाऱ्यासकट येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू आधी भिजते. ओल खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतूनच येत असेल तर चौकटीभोवतीचं सीलंट आणि ग्रॅनाइटच्या पट्टीचा उतार बघा. कित्येकदा तो आतल्या बाजूला असतो. बारा महिने ओल आहे, पावसाशी संबंध नाही, तर पाइप किंवा वरचं बाथरूम. त्यासाठी कोरड्या दिवसांत वरच्या घरच्या नहाणीचा ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवायचं आणि खाली डाग वाढतो का ते पाहायचं. वरच्या शेजाऱ्यांशी बोलणं असेल तर ही चाचणी फुकटात होते. आणि डाग वाढला म्हणून बिल्डर सुटत नाही. वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग त्यानेच केलेलं आहे, पाच वर्षं त्यालाही लागू आहेत. फक्त तक्रार वरच्या घराने करावी लागते, किंवा दोघांनी मिळून.

चिरांचंही तसंच. हल्ली भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या, ब्लॉकच्या असतात, आणि ब्लॉक जिथे कॉलमला किंवा बीमला भिडतो तिथे जाळी न मारता गिलावा केला की अगदी सरळ रेषेत चीर जाते. दिसायला भीतीदायक, पण इमारतीला सहसा धोका नसतो, कारागिरीचा दोष मात्र नक्की. याउलट बीमच्या अंगावर तिरपी चीर, गंजाचे तांबडे ओघळ, सळईवरचं काँक्रीट फुगलेलं किंवा सुटलेलं दिसलं, तर ग्रुपवर फोटो टाकून मतं मागवत बसू नका. महापालिकेचा परवाना असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

इंजिनिअरचा अहवाल दोन-चार पानी असला तरी चालेल, पण त्यात कारण, जागा, दुरुस्तीची पद्धत आणि अंदाजे खर्च या चार गोष्टी हव्यात. ‘घरात ओल आहे’ एवढंच लिहिलेला अहवाल कोणाच्याच उपयोगाचा नाही.

मग नोटीस. बिल्डरचा करारातला पत्ता आणि ईमेल, दोन्हीकडे. स्पीड पोस्टची पोच जपून ठेवायची. कलम १४(३)चा उल्लेख, दोषांची यादी, ताब्याची तारीख, ३० दिवसांची मुदत. वकिलाच्या कागदावर असायलाच हवी असं नाही. सेल्सवाल्याशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं पुरवणी पुरावा म्हणून ठीक, पण पाच वर्षांचं घड्याळ त्याच्या भरवशावर सोडू नका. आणि ज्यांचा ताबा अजून बाकी आहे त्यांनी ताबापत्रावरचा ‘माझी कामाबद्दल कोणतीही तक्रार नाही’ हा छापील मजकूर वाचून घ्या. तो खोडू देत नसतील तर खाली हाताने दोष लिहून सही करा, आणि त्याच दिवशी तोच मजकूर ईमेलने पाठवा.

सलोखा मंच: लवकर, पण बिल्डर तयार असेल तरच

महारेराने २०१८मध्ये सलोखा मंच सुरू केला. खंडपीठावर एक माणूस ग्राहक संघटनेचा, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, आणि एक बिल्डरांच्या संघटनेचा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडच्या प्रकरणांसाठी ही सोय आहे. वकील लागत नाही, फी नाममात्र, आणि काही बैठकांत निकाल लागतो. अडचण एकच: बिल्डरने हो म्हणावं लागतं.

गळती, टाइल्स, लिफ्टची अडचण, पार्किंगचा घोळ अशा तक्रारींसाठी मला हा पहिला पर्याय वाटतो, कारण इथे तुम्हाला प्रत्यक्ष काम करून मिळू शकतं. न्यायालयी आदेश ‘दोष दुरुस्त करा’ एवढंच सांगतो. कुठल्या साहित्याने, कोणाच्या देखरेखीखाली, हे समझोत्यात लिहून घेता येतं. पण ते लिहून घ्यायचं तुम्हालाच. ‘बिल्डर लवकरात लवकर दुरुस्ती करील’ या वाक्यावर सही करून आलेली माणसं पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच दिसतात. बाहेरच्या भिंतीला चिरा कापून भरणार की नुसता रंग मारणार, बाहेरून काम करायचा झुला कधी लावणार, काम पूर्ण झालं हे कोणता इंजिनिअर ठरवणार, उशीर झाला तर दर दिवसाला किती रुपये, आणि काम पास झालं हे एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच मानायचं, एवढं लेखी आलं पाहिजे. एप्रिलमध्ये केलेल्या वॉटरप्रूफिंगला मे महिन्यात ‘समाधानकारक’ म्हणून सही देऊ नका.

दुसरं म्हणजे, मंचाच्या बैठका सुरू आहेत म्हणून कायद्यातल्या मुदती थांबतात असं गृहीत धरू नका. ताब्याला चार वर्षं दहा महिने झालेल्या माणसाने आधी लेखी नोटीस द्यावी, मग सलोख्याला बसावं. बिल्डरने दोन तारखा नुसत्या पुढे ढकलल्या, तर मी तिसरीची वाट पाहणार नाही.

महारेरा आणि ग्राहक आयोग, शेजारी शेजारी

खरी निवड या दोघांत आहे, आणि ती करावीच लागते. २०२०मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही. आयोगात आधीपासून प्रकरण पडून असेल तर ते मागे घेऊन रेराकडे येण्याची सोय कलम ७१मध्ये आहे.

महारेराची तक्रार ऑनलाइन, फी ५,००० रुपये, सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या फेऱ्या वाचतात. स्वतः बाजू मांडता येते, आणि वकिलाऐवजी सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) ही चालतो. घराची किंमत ४० लाख असो की चार कोटी, ठिकाण तेच. लोक फसतात ते आतल्या वाटणीत. व्याज, पैसे परत, ‘दोष दुरुस्त करा’, ‘ओसी आणा’ असे आदेश प्राधिकरण देतं. भरपाई, म्हणजे मनस्ताप, भाडं, खराब झालेलं फर्निचर यांचे पैसे, ठरवतो महारेरातलाच वेगळा न्यायनिर्णय अधिकारी. सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेकच्या २०२१च्या निकालात ही विभागणी पक्की केली. म्हणून अर्ज दोन: प्राधिकरणासाठी ‘ए’, न्यायनिर्णय अधिकाऱ्यासाठी ‘बी’. एकाच अर्जात सगळं मागितलं की सहा महिन्यांनी कळतं, अर्धी मागणी चुकीच्या टेबलावर होती.

ग्राहक आयोगात ही अडचण नाही. दोष, उशीर, मनस्ताप, खर्च सगळं एकाच तक्रारीत. फीही कमी: ५० लाख ते एक कोटीच्या व्यवहाराला २,००० रुपये, दोन कोटींपर्यंत २,५००. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या जुन्या निकालापासून ठरलेलं आहे, त्यामुळे रेराबाहेरच्या छोट्या इमारतींनाही हे दार उघडं.

पण २०१९च्या कायद्यात एक बारकावा आहे, आणि ठाणेकरांना तोच नडतो. कोणता आयोग हे नुकसानीवर ठरत नाही. तुम्ही घरासाठी किती रक्कम भरली यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर थेट दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. म्हणजे माजिवड्याच्या ९० लाखांच्या घरातली ६० हजारांची गळती मुंबईतल्या राज्य आयोगाकडे जाते. तिथली प्रकरणांची रांग पाहता, एवढ्याशा रकमेसाठी हा मार्ग मी कोणाला सुचवणार नाही. त्याउलट दिवा, कळवा, तळोजा इथल्या ५० लाखांच्या आतल्या घराला जिल्हा आयोग मिळतो, आणि तो खरोखर आवाक्यात असतो.

खारघरच्या माणसाला जिल्हा आयोग म्हणजे अलिबाग. पण नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही तक्रार करता येते. घर खारघरला आणि नोकरी ठाण्यात असेल तर ठाणे जिल्हा आयोग चालतो. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते.

मुदत हा दुसरा फरक. ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावं लागतं. गळती तिसऱ्या वर्षी सुरू झाली तर मोजणी कुठून, यावर वाद रंगतो. रेराची पाच वर्षं त्या मानाने सुटसुटीत. ओसीचं मात्र वेगळं आहे. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ओसी न देणं ही सतत चालू राहणारी चूक आहे. त्या प्रकरणात ओसी नसल्यामुळे रहिवासी जादा पाणीपट्टी आणि मालमत्ता कर भरत होते. आपल्याकडच्या कित्येक सोसायट्यांची हीच कहाणी आहे.

वेळेबद्दल खोटी आशा देत नाही. ग्राहक कायद्यात तीन महिन्यांत निकालाचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे, ते कागदावरच राहतं. महारेरातही तारीख लागायला महिने जातात. दोन्हीकडे वर्षाच्या हिशेबानेच तयारी ठेवा.

निकाल हातात आला, पुढे?

ठिकाण निवडताना शेवटी विचारला जाणारा हा प्रश्न खरं तर पहिला विचारायला हवा.

महारेराचा आदेश पैशाचा असेल आणि बिल्डरने तो पाळला नाही, तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदारांकडे, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. कागदावर भक्कम. प्रत्यक्षात तहसील कार्यालयाच्या कामाच्या ढिगात तुमचं वॉरंट पडून राहतं. तिथे नुसतं ‘काय झालं साहेब’ विचारत फिरण्याऐवजी जप्त करण्याजोगी मालमत्ता तुम्हीच दाखवा. महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरच्या प्रत्येक प्रकल्पात किती घरं विकली आणि किती शिल्लक, हे दिसतं. न विकलेल्या सदनिकांची यादी, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक जोडून अर्ज दिला की फाइल हलण्याची शक्यता बरीच वाढते. आदेश दुरुस्तीचा असेल तर न पाळल्याबद्दल प्रत्येक दिवसाचा दंड आहे, प्रकल्पखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. मात्र हा दंड सरकारजमा होतो, तुमच्या खिशात येत नाही.

ग्राहक आयोगाकडे वेगळं हत्यार आहे. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२खाली एक महिना ते तीन वर्षं तुरुंगवास किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्या बिल्डरने प्रकल्प संपवून फर्म गुंडाळली, ज्याच्याकडे न विकलेलं घर एकही उरलं नाही, त्याच्या भागीदारांना हीच भीती बोलते.

अपिलाचं गणित मात्र महारेराच्या बाजूने झुकतं. बिल्डरला अपिलीय न्यायाधिकरणात जायचं असेल तर ग्राहकाला द्यायची सगळी रक्कम व्याजासकट आधी जमा करावी लागते. ग्राहक कायद्यात निम्मी. मोठी रक्कम अडकलेली असेल तर हा फरक लहान नाही. शंभर टक्के जमा करायचे म्हटल्यावर बरेच बिल्डर अपिलाऐवजी फोन करतात.

बाकीची दारं, थोडक्यात

महापालिका तुमची टाइल बदलून देणार नाही. पण मंजूर नकाशा, ओसी आणि तिच्या अटी तिच्याकडेच असतात. ठाण्यात शहर विकास विभाग, नवी मुंबईत नगररचना विभाग, पनवेलला पनवेल महापालिका, उलव्यात सिडको. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज, ३० दिवसांत उत्तर. नकाशात बाग आणि जागेवर दुकानं निघाली, की महारेरात तुमची तक्रार एकदम वजनदार होते. लिफ्टसाठी विद्युत निरीक्षक आणि आगीच्या यंत्रणेसाठी अग्निशमन विभाग, यांना पत्र टाकलं तर ते बिल्डरला कधीकधी वकिलापेक्षा जास्त हलवतं.

पोलीस ठाण्यात भिंतीच्या ओलीची तक्रार नेलीत तर ‘दिवाणी बाब आहे’ ऐकून परत याल. एकच घर दोघांना विकणं, खोटी ओसी दाखवणं, तारण लपवणं असं असेल तरच तिकडे वळा. दिवाणी न्यायालयाला रेराच्या विषयांत कलम ७९ने मज्जाव आहे. दिवाळखोरीसाठी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, जायला एका प्रकल्पातले किमान १०० खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांच्या १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढे लागतात, आणि दुरुस्तीसाठी तर तो रस्ताच नव्हे. पण दुसऱ्या कोणी तुमच्या बिल्डरला तिथे ओढलं असेल, तर बाकीची प्रकरणं थबकतात. अशा वेळी आपला दावा ठरावीक मुदतीत रिझोल्युशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ती दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवणं चुकवू नका.

मग कोणी कुठे जावं

घरात राहायला गेलात, गळती-चिरा-टाइल्सचा त्रास आहे, बिल्डरचे घोडबंदरला किंवा द्रोणागिरीला अजून दोन टॉवर विकायचे आहेत: नोटीस, मग सलोखा मंच, आणि तिथे टोलवाटोलवी झाली की महारेरात ‘ए’ अर्ज. त्याला नव्या प्रकल्पाच्या पानावर तक्रारींची नोंद नको असते, एवढं तुमच्या बाजूने आहे. दुरुस्ती थांबण्यासारखी नसेल तर आधी बिल्डरला लेखी कळवून, अहवाल आणि कोटेशन घेऊन स्वतः करा आणि खर्च ‘बी’ अर्जात मागा.

ताबा रखडलाय किंवा ओसीशिवाय ‘फिट-आउट’च्या (आतल्या सजावटीच्या कामाच्या) नावाखाली चावी दिलीय: थेट महारेरा. सलोख्यात वेळ घालवायचा तर व्याजाचा आकडा आधी काढून समोर ठेवा.

घर ५० लाखांच्या आतलं, बिल्डर लहान, प्रकल्प संपलेला किंवा रेराबाहेरचा: जिल्हा ग्राहक आयोग.

क्लबहाऊस, सामाईक गच्चीची गळती, दुसरी लिफ्ट, अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) या गोष्टी एकट्याने लढू नका. सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून महारेरात जावं. ग्राहक आयोगात सगळ्यांनी मिळून जायचं म्हटलं तर सर्वांची रक्कम एकत्र धरली जाऊन प्रकरण दिल्लीला जाण्याची शक्यता असते, ती वकिलाकडून आधी तपासून घ्या. सोसायटी अजून बिल्डरच्याच ताब्यात असेल तर पहिली तक्रार तीच: निम्म्याहून जास्त घरं विकली गेल्यावर तीन महिन्यांत संस्था स्थापन करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

नौपाडा, विष्णुनगर किंवा वाशीत पुनर्विकासात घर मिळालेल्या जुन्या सभासदांची गोष्ट निराळी. त्यांनी घर विकत घेतलेलं नसतं, त्यामुळे महारेराचं दार त्यांना सहज उघडत नाही. त्यांचा आधार म्हणजे विकास करारनामा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विकासकाकडून २० टक्क्यांची बँक गॅरंटी घेतलेली असेल, तर सगळी कामं तपासून होईपर्यंत ती सोडू नये. समितीवर ‘सोडून द्या, संबंध बिघडतात’ म्हणणारा एक तरी असतोच.

आणि रीसेलमध्ये घर घेणाऱ्यांसाठी: तुम्हीही रेराच्या व्याख्येत खरेदीदारच आहात, पण पाच वर्षं मोजायची ती पहिल्या मालकाच्या ताब्यापासून. साठेखत करण्याआधी त्याच्याकडून ताबापत्राची प्रत आणि बिल्डरशी झालेला सगळा पत्रव्यवहार मागून घ्या. तो ‘शोधून देतो’ म्हणाला तर टोकन देण्याआधी शोधायला लावा.